सगळ्यांच्या पायातली काडी

तिला सगळे चाळणी म्हणत, अगदी तोंडावर, आणि तीही खुशाल ओ देई. इस्पितळाच्या तळघरात, जिन्याखालच्या शेवटच्या खोलीत तिचं यंत्र होतं आणि त्या यंत्राच्या गोंगाटातून कामाचं तेवढं गाळून काढणं हा तिचा धंदा. स्वभाव धंद्यात उतरतो की धंदा स्वभावात, देव जाणे. घरी नळ ठिबकला तरी हिची झोप उडे आणि पंखा कुरकुरला की ही स्टूल घेऊन वर. नवरा म्हणायचा, आधी कळलं असतं तर घोरणं सोडून मगच लग्नाला उभा राहिलो असतो.

यंत्राचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. उन्हात तापलेला पत्रा टक् करून वाजतो, तसंच इथे. लेझरचा एक निमिषभराचा झोत कातडीवर टाकायचा. आतलं रक्त तो प्रकाश पितं, किंचित गरम होतं, किंचित फुगतं आणि वाजतं. तो आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. सोनोग्राफीत असतो तसला प्रोब जेल लावून कातडीवर ठेवायचा, त्याने तो ऐकायचा आणि आवाज कुठून आला त्यावरून रक्ताच्या वाटांचं चित्र पडद्यावर काढायचं. सुई नाही, टोचणं नाही, कापाकापी नाही. पण हा आवाज म्हणजे भर बाजारात कोणी कुजबुजावं एवढाच. लेझरची खरखर, वायरींची गुणगुण, जेलमधले बुडबुडे, कातडीवर आपटून परत येणारे प्रतिध्वनी, या सगळ्यांच्या खाली तो बिचारा दबून बसलेला. सुरुवातीला पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या.

त्या मुंग्यांशी चाळणीने निम्मं आयुष्य भांडण्यात घालवलं. एकच जागा पुन्हापुन्हा ऐकायची आणि सगळ्याची सरासरी काढायची, हा उपाय जुनाच. खरा आवाज दरवेळी त्याच जागी येतो म्हणून टिकतो, गोंगाट दरवेळी जागा बदलतो म्हणून आपापसात खपून जातो. पण यंत्राचा काही गोंगाट असा निगरगट्ट असतो की तोही दरवेळी त्याच जागी येऊन बसतो. त्यावर चाळणीने स्वतःची युक्ती काढली. शेवटच्या काही माणसांची चित्रं एकत्र करून त्यांचीच सरासरी घ्यायची. माणसागणिक रक्ताच्या वाटा वेगळ्या, त्या पुसट होऊन जातात. मागे उरतं ते यंत्राचं. या उरलेल्या चित्राला खोलीत 'कोरी' म्हणत. नवा माणूस आला की त्याच्या चित्रातून कोरी वजा करायची. जे सगळ्यांत सारखं ते यंत्राचं, जे वेगळं ते माणसाचं. हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणे की मॅडमनी, म्हणजे खोलीच्या प्रमुखांनी, ते आपल्या भाषणातही घातलं होतं. कोरी लागली की चित्र धुतल्यासारखं स्वच्छ व्हायचं.

तेव्हा काम हाताच्या नसांवर चाले. पुढे ते पायांवर आलं, साखरेच्या आजाराने पायाचा रक्तपुरवठा आटतो त्यासाठी, आणि पायांनी छळायला सुरुवात केली. पाय हलतो. तो हलला की सरासरी फसली. चाळणीचा धाकटा दीर सुतार होता. त्याने लाकडाचा एक साचा करून दिला, आतून बूच लावलेला. टाचेला खोलगट जागा आणि अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये एक गुळगुळीत खुंटी. त्यात पाय ठेवला की तो दरवेळी नेमक्या त्याच जागी बसायचा, मग तो कोणाचाही असो. भाऊजी तो द्यायला स्वतः आले होते, दहा जणांचे पाय त्यात घालून बघितले आणि खुशीत म्हणाले होते की आता कोणी पळून जायचं म्हटलं तरी वहिनीच्या तावडीतून सुटका नाही.

साचा आल्यापासून चित्रं दुपटीने उठून दिसायला लागली. आणि साचा आल्यापासूनच कोरीत एक बारीक तिरकी रेघ दिसायला लागली. तिला खोलीत 'काडी' म्हणत. पायाऐवजी जेलचा गोळा साच्यात ठेवला की काडी नसे, पाय ठेवला की असे. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की पायाचा भार पडला की लाकूड वाजतं, ती काडी. सगळ्यांत सारखी होतीच, म्हणजे यंत्राची. सकाळी यंत्र सुरू झालं की कोणीतरी विचारायचं, काडी आली का? आली म्हटलं की चहा. कोरीबरोबर काडीही वजा व्हायची आणि कामाला लागायचे सगळे.

वरच्या मजल्यावरचा सर्जन तळघराच्या चित्रांना फारसं विचारत नसे. नवीन यंत्र, अजून पारखायचं, असं त्याचं म्हणणं. एकदाच त्याने चित्राचं ऐकलं होतं, टपालबाईच्या वेळी. टपालबाई उभी हयात घरोघरी पत्रं वाटून निवृत्त झालेली, पायांच्या जोरावर जगलेली बाई. तिच्या पायाचं काय करावं याचा निकाल होईना, तेव्हा तिला तळघरात आणलं. चित्र स्वच्छ आलं, पायाचा पुढचा भाग सगळा काळा, म्हणजे रक्तच नाही. गुडघ्याखालून पाय काढला. ती नव्या पायाने चालायला शिकली आणि तपासणीला आली की जिने उतरून मुद्दाम चाळणीला भेटायला यायची. म्हणायची, "पोरी, तुझ्या फोटोने मला एकदाच मोकळं केलं बघ. नाहीतर तुकड्यातुकड्याने कापत बसले असते." चाळणीला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

आता भाऊजींचं. त्यांना साखरेचा आजार होता आणि त्याहून मोठा आजार होता तो दुखणं अंगावर काढायचा. कारखान्यात पायावर पटाशी पडली. पायाची जाणीव आधीच गेलेली, त्यामुळे लागलं तेही कळलं नाही. बुटात जखम घेऊन हा गृहस्थ कपाटं बनवत बसला. धाकट्या जावेला वास आला तेव्हा बूट काढायला लावला, आणि तिने पहिला फोन चाळणीला केला.

सर्जनने पाय बघितला आणि फार शब्द खर्च केले नाहीत. दोन बोटं गेलीच आहेत. विष वर चढतंय, त्यामुळे दुपारी टेबलावर घ्यावं लागेल. प्रश्न एवढाच की किती कापायचं. पायाच्या पुढच्या भागात रक्त येत असेल तर बोटं आणि थोडा पुढचा भाग काढू, टाच राहील, माणूस स्वतःच्या पायावर उभा राहील. रक्त येत नसेल तर तिथली जखम कधीच भरणार नाही, विष पोटरीत जाईल, मग जिवाशी खेळ. तसं असेल तर आजच गुडघ्याखालून. नेहमीच्या सोनोग्राफीत काही कळेना, कारण नसांच्या भिंती चुना भरल्यासारख्या कडक झालेल्या. नसेत रंग सोडून बघावं तर मूत्रपिंडं दमलेली. सर्जन नाइलाजाने म्हणाला, खाली नेऊन बघा काय दिसतं ते.

मॅडमनी चाळणीला विचारलं होतं की घरचं माणूस आहे, दुसऱ्या कोणाला करू दे का. चाळणी नाही म्हणाली. तिच्या हाताइतका स्थिर हात त्या खोलीत दुसरा नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मॅडमनाही. भाऊजींचा पाय तिने स्वतः उचलून साच्यात ठेवला. ते पांढरेफटक पडले होते, तरी जिभेला हाड नव्हतं.

"वहिनी, माझ्याच साच्यात मला अडकवलंत की."

तिने सगळं रीतसर केलं. गॉगल चढवले, लेझर लावला, प्रोब धरला, सरासरी घेतली, कोरी वजा केली. चित्र इतकं स्वच्छ आलं की एरवी तिने ते कौतुकाने मॅडमना दाखवलं असतं. टाचेशी थोडा उजेड आणि पुढे काळोख. तिने फिरूनही बघितलं, काळोखच. मग तिने वर फोन केला आणि सर्जनला सांगितलं की पायाच्या पुढच्या भागात रक्त दिसत नाही. आवाज तिचाच होता, पण तिला तो परक्यासारखा ऐकू आला. बाहेर बाकावर धाकटी जाऊ बसली होती. तिला सांगताना मात्र चाळणीची जीभ अडखळली. जाऊ रडली नाही. तिने एवढंच विचारलं की गुडघा राहील ना, म्हणजे रंधा मारायला उभं राहता येईल का. चाळणीने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, दोघींनाही कळलं नाही.

भाऊजींना वर नेलं. चाळणी खोलीत परत आली आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून साचा पुसायला लागली. मग सवयीनेच तिने बटण दाबलं. तपासणी झाली की नवं चित्र कोरीत मिसळायचं, हा खोलीचा रिवाज होता, म्हणजे कोरी ताजी राहते. मिसळल्यावर मूळ चित्र यंत्र आपोआप पुसून टाके. जागा खाणाऱ्या कच्च्या मालाचा साठा कशाला, म्हणून हा नियमही चाळणीनेच केलेला. नवी कोरी पडद्यावर आली. तेच ओळखीचे प्रतिध्वनी, तीच काडी.

पण काडी जराशी फिकी झाली होती.

दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसतं. चाळणीला दिसलं आणि ती ओलं फडकं हातात घेऊन उभीच राहिली. लाकूड वाजतंय म्हणून काडी दिसते, तर एका माणसाचा पाय मिसळल्याने ती फिकी का व्हावी? लाकूड तेच आणि खुंटीही तीच. पाणी कुठे मुरतंय, तिला कळेना. आणि थोडं थोडं कळायला लागलं तेव्हा तिने फडकं खाली टाकलं.

तिने दारावरचा लाल दिवा लावला, चप्पल काढली आणि स्वतःचा पाय साच्यात ठेवला. वाकून प्रोब धरला. कोरी काढून टाकली. सरासरीही काढून टाकली. पायाच्या कामात सरासरीशिवाय कोणी कधी बघितलंच नव्हतं, मुंग्या बघायची हौस कोणाला? पडदा मुंग्यांनी भरून गेला. त्यात जिथे काडी असायची तिथे काडी होती. चाळणीचा पाय धडधाकट, त्यामुळे मुंग्यांतही ती दिसली, आणि ती हलत होती. फुगत होती, ओसरत होती. चाळणीने दुसऱ्या हाताची बोटं गळ्यावर नेली. गळ्यात ठोका पडला की पडद्यावर काडी फुगे.

यंत्राला नाडी नसते. काडी म्हणजे पायाच्या पाठीवरून अंगठ्याच्या खाचेकडे जाणारी रक्ताची वाट होती, ज्याच्या त्याच्या पायात असणारी. साचा नव्हता तोवर ती प्रत्येकाच्या चित्रात वेगवेगळ्या जागी पडायची आणि कोरीत पुसट होऊन जायची. साच्याने सगळ्यांचे पाय एका जागी बसवले आणि ती सगळ्यांत सारखी झाली. सारखी झाली म्हणून यंत्राची ठरली. मग दर माणसाच्या पायातून चाळणीने तीच वजा केली. धडधाकट पायात ती जाडजूड, वजा करूनही थोडी उरायची. ज्याच्यात आधीच बारीक झालेली, त्याच्यात काहीच उरत नसे. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं होतं. आणि भाऊजींचं मूळ चित्र तिने आत्ताच, स्वतःच्या बोटाने पुसलं होतं.

मॅडम दार उघडून आत आल्या तेव्हा चाळणी एका पायात चप्पल घालून उभी होती. तिने सगळं सांगितलं. मॅडम पुढच्याच आठवड्यात हे काम मोठ्या परिषदेत मांडणार होत्या. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे कोरी चुकीची?"

"कोरी बरोबर होती. साचाही बरोबर होता. दोन्ही एकत्र आले आणि चुकलं. दोन्ही मीच आणले."

मॅडम स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, "वर जा. मी यंत्र तयार ठेवते." त्या बाईबद्दल लोक पाठीमागे बरंवाईट बोलत, पण त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या, हे चाळणी विसरली नाही.

लिफ्टची वाट न बघता ती जिने चढली. सर्जन शस्त्रक्रियागृहाबाहेर उभ्याने पाणी पीत होता, हिरव्या कपड्यांत, पुढच्या केससाठी हात धुवायला निघालेला. त्याच्यानंतर भाऊजींचा नंबर. चाळणीने धापा टाकत सांगितलं. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"सकाळी नाही म्हणालात. आता आहे म्हणता?"

"आहे म्हणत नाही, सर. सकाळी ज्याच्या जोरावर नाही म्हणाले, ते खोटं निघालं. पुन्हा बघू द्या."

"तुमचे दीर ना ते? म्हणून दिसायला लागलंय का?"

हे तिला लागलं, कारण तीच भीती तिच्याही मनात होती. मुंग्यांतून हवी ती काडी काढून दाखवणं तिला अवघड नव्हतं. दोन बटणं फिरवली की आकाशातल्या ढगांत हत्ती दिसावा तशी काडी कोणालाही दिसली असती. आणि खोटी काडी बघून टाच ठेवली तर भाऊजी पायासकट जीव गमावून बसले असते.

"म्हणून तर म्हणते, तुम्ही खाली या," ती म्हणाली. "मला दिसलं असं मी म्हणणारच नाही. तुम्हाला दिसलं तर धरा."

सर्जनने तिच्याकडे नीट बघितलं. म्हणाला, आतली केस उरकतो, तेवढा वेळ तुमचा.

भाऊजींना पुन्हा खाली आणलं तेव्हा त्यांना ताप चढला होता आणि जिभेचं हाड परत आलं होतं. पट्ट्या सोडल्या. चाळणीला आठवलं की सकाळी घाईत जेल कपाटातलं गारच वापरलं होतं, आणि गारठ्याने रक्ताच्या वाटा आणखी आखडतात. तिने बाटली कोमट पाण्यात धरली. ते पाण्यात बाटली धरून उभं राहणं तिला फार जड गेलं. मग पाय साच्यात आणि गॉगल डोळ्यांवर. कोरी आता नव्हतीच, त्यामुळे सगळे प्रतिध्वनी जसेच्या तसे पडद्यावर आले आणि वर मुंग्यांचं राज्य. सरासरी घेतली तर त्या ढिगात रेघ आहे की प्रतिध्वनी ते कळेना, आणि सरासरी न घेता बघितलं तर काहीच कळेना. स्वतःच्या धडधाकट पायात जे सहज दिसलं ते इथे नव्हतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"वहिनी, काय शोधताय?" भाऊजींनी डोळे मिटूनच विचारलं.

"काडी."

"सापडली तर?"

"टाच राहील."

"मग शोधा. मी हलत नाही." आणि तापाने दात वाजत असतानाही त्यांनी पाय खरोखर हलवला नाही.

काडीला नाडी आहे, यंत्राला नाही. हे धरून चाळणी विचार करत होती आणि भाऊजींच्या बोटाला वॉर्डातून आलेला नाडी मोजायचा चिमटा तिच्या समोरच होता, लुकलुकत. काखेत कळसा. तिने मॅडमना चिमट्याची वायर यंत्राला जोडायला सांगितली. मग सगळ्या नोंदींची एक सरासरी घेण्याऐवजी तिने त्या ठोक्याप्रमाणे वेगळ्या केल्या. ठोका पडला त्या क्षणाच्या एकत्र, ठोका ओसरल्याच्या एकत्र. पहिल्यांतून दुसऱ्या वजा. लाकूड, लेझर, वायरी, प्रतिध्वनी ठोका पडला तरी तेवढेच आणि ओसरला तरी तेवढेच. ते सगळे आपोआप कटणार होते. उरलं तर फक्त ठोक्याबरोबर फुगणारं उरणार होतं. नोंदी साठेपर्यंत थांबायचं होतं. लेझर टिकटिकत राहिला. सर्जन केव्हा आत येऊन मागे उभा राहिला ते तिला कळलं नाही.

पडद्यावर चित्र उमटलं. मुंग्या विरळ होत्या आणि त्यांच्यात, घोट्याकडून अंगठ्याच्या खाचेकडे, एक रेघ होती. केसाएवढी बारीक, मध्येच तुटल्यासारखी, बोटांच्या मुळाशी येऊन संपणारी. चाळणी काही बोलली नाही.

"हे तुम्ही काढून दाखवलेलं नाही कशावरून?" सर्जनने विचारलं.

"खोटा ठोका लावते. मनाने काढलेली असेल तर तेव्हाही दिसेल."

तिने नोंदी मुद्दाम चुकीच्या ठोक्यावर लावल्या. रेघ गेली, नुसत्या मुंग्या राहिल्या. खऱ्या ठोक्यावर आणल्या, रेघ परत आली. सर्जनने पुन्हा तसंच करायला सांगितलं. पुन्हा तसंच झालं. मग तो पुढे वाकला आणि जिथे रेघ संपत होती तिथे पडद्यावर बोट ठेवलं.

"इथपर्यंत," तो म्हणाला. "याच्या पुढचं काढतो. जखम भरली तर पाय राहिला. नाही भरली तर वरून कापायला पुन्हा यावं लागेल, हे घरच्यांना सांगून ठेवा."

घरच्यांना म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या जावेला. यावेळी चाळणीने सगळं खरं सांगितलं, सकाळची चूकसुद्धा. जावेने तिचा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. तो राग होता की आधार, हे चाळणीने विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस जीव टांगणीला लावणारेच गेले. पट्टी बदलायची वेळ झाली की चाळणी वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभी राहायची आणि परिचारिकेचा चेहरा वाचायची. एकदा कडा काळ्या पडल्यासारख्या वाटल्या. पण खाली लाल, ओलसर, जिवंत मांस होतं. हळूहळू जखमेने तोंड मिटलं. भाऊजी पुढून आखूड झालेल्या पायात कापूस भरलेला बूट घालून कारखान्यात गेले आणि पहिल्याच दिवशी जावेला फोन करून सांगितलं की रंधा जरा वाकडा चालतो, पण तो आधीही वाकडाच चालत होता.

मॅडमनी परिषदेतलं भाषण मागे घेतलं. कच्चा माल पुसायचा नियम त्याच आठवड्यात गेला. मग त्या, सर्जन आणि चाळणी एकत्र बसले आणि साचा आल्यापासूनची चित्रं काढली. बहुतेक निरोगी माणसांची होती, उरलेल्यांच्या बाबतीत चित्राला कोणी विचारलंच नव्हतं. राहिली एक टपालबाई. तिचं स्वच्छ, काळं चित्र पडद्यावर होतं. मूळचं पुसलेलं. सर्जन म्हणाला की तिच्या बाकीच्या खुणाही वाईटच होत्या, कदाचित तसंही वरूनच कापावं लागलं असतं. कदाचित, असं तो पुन्हा एकदा म्हणाला. इस्पितळातर्फे तिला बोलावून सांगायचं ठरलं.

बोलावणं जायच्या आधीच ती आली. जिन्यावर तिची चाल चाळणीला ओळखू आली, एक पाऊल मऊ आणि एक टणक. दारातून तिने नेहमीसारखी हाक मारली, "आहेस का गं पोरी?" आणि स्टुलावर बसून गुडघा चोळत, नवा पाय आता किती सरावाचा झालाय ते सांगायला लागली. चाळणीला वाटलं होतं की वरून कोणी येईल, मॅडम असतील, कोणीतरी नीट शब्दांत मांडेल. कोणी नव्हतं. तिने सांगितलं. कोरी, साचा, काडी, सगळं. सांगून झाल्यावर टपालबाई त्या लाकडी साच्याकडे बघत राहिली.

"माझ्या पायात होती ती काडी?"

"माहीत नाही."

"कळेल कधी?"

"नाही. मूळचं मी पुसून टाकलं."

चाळणी माफी मागणार होती. शब्द तयार होते, गेले कित्येक दिवस तयार होते. पण त्या बाईचा चेहरा बघून तिला ते काढवेनात. माफी मागितली की ती द्यायची का नाही हे ओझंही पुन्हा तिच्याच माथी. म्हणून ती गप्प राहिली आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

टपालबाई वाकली. उरलेल्या पायातल्या बुटाचा पट्टा तिने सोडला, मोजा काढून बुटात खोचला आणि तो पाय, ज्याने तिने अर्धं गाव तुडवलं होतं, टाच खोलगट जागेत आणि खुंटी बोटांत असा साच्यात नीट बसवला. चाळणीकडे तिने बघितलं नाही.

"हा राहिलाय," ती म्हणाली. "याचं तरी खरं सांगा."

चाळणीने जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवली. ते गरम व्हायला थोडा वेळ लागतो. तोवर दोघी बसून राहिल्या.